चिप स्वदेशी झाली. तिला यजमानपण कधी येणार?

डिसेंबर २०२५ मध्ये सी-डॅक या संस्थेने ‘ध्रुव ६४’ हा स्वदेशी मायक्रोप्रोसेसर जाहीर केला. ६४ बिट, दोन गाभे, एक गिगाहर्ट्‌झ वेग असे त्याचे वर्णन सर्वत्र झळकले. त्याच्या काही महिने आधी, सप्टेंबरमध्ये, दिल्लीतील सेमिकॉन इंडिया परिषदेत ‘विक्रम ३२०१’ ही चिप पंतप्रधानांच्या हाती सुपूर्द करण्यात आली. तिची आखणी इस्रोच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राची आणि निर्मिती मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीची. त्याही आधी, फेब्रुवारीत, आयआयटी मद्रासच्या ‘शक्ती’ प्रकल्पातून अंतराळ उपयोगासाठी घडलेल्या ‘आयरिस’ या चिपची बातमी आली होती. एका वर्षात अशा तीन बातम्या याव्यात, ही गोष्ट अभिमानाचीच आहे आणि त्या अभिमानाला कोणी नाक मुरडण्याचे कारण नाही.

मात्र या बातम्यांवर झालेली चर्चा पाहिली की एक गोष्ट खटकते. गाभे किती, वेग किती, किती नॅनोमीटरचे तंत्र, कारखाना देशातला की परदेशातला, एवढ्याच प्रश्नांभोवती ती फिरत राहते. त्या चिपभोवती बांधलेल्या यंत्राला एखाद्या शिक्षिकेने कीबोर्ड जोडला, दुकानदाराने बोटांचे ठसे घेणारे उपकरण जोडले किंवा परिचारिकेने अहवाल उतरवून घेण्यासाठी पेन ड्राइव्ह लावला, तर ते यंत्र त्यांना ओळखेल काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. प्रश्न क्षुल्लक वाटतो, कारण घरातल्या संगणकाला कोणतीही वस्तू जोडली की ती चालते, असा सर्वांचा अनुभव आहे. ती आपोआप चालत नाही. तिच्यामागे कोणीतरी वर्षानुवर्षे केलेले काम उभे असते आणि ते काम चिपमध्ये नसते, सॉफ्टवेअरमध्ये असते. स्वदेशी प्रोसेसरच्या वाटचालीतील खरी परीक्षा आता या कामाची आहे. ते दुय्यम मानले गेले, तर उत्तम चिप प्रदर्शनाच्या काचेआड राहील.

यूएसबीचा जन्म जानेवारी १९९६ चा. तोवर संगणकाच्या पाठीमागे कीबोर्डसाठी एक, छपाईयंत्रासाठी दुसरे आणि मोडेमसाठी तिसरे अशी निरनिराळी भोके असत. त्या सर्वांच्या जागी एकच जोडणी आणण्याच्या कामात अग्रभागी होते इंटेलमधील अभियंता अजय भट्ट. त्यांचे पदवीचे शिक्षण वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. या रचनेचे मूळ तत्त्व विषमतेचे आहे. जोडणीच्या एका टोकाला यजमान असतो आणि दुसऱ्या टोकाला पाहुणा. बोलण्याचा प्रारंभ करण्याचा अधिकार केवळ यजमानाचा. कीबोर्डवरची कळ दाबली गेली तरी यूएसबी १ आणि २ या पिढ्यांमध्ये कीबोर्ड ते स्वतःहून सांगू शकत नाही. यजमान ठरावीक अंतराने विचारत राहतो, ‘काही सांगायचे आहे काय?’ आणि कीबोर्ड उत्तर देतो.

ही विषमता हेतुपुरस्सर आहे. बुद्धी, स्मृती आणि गुंतागुंत यांचा सारा भार यजमानावर टाकला, की पाहुणा स्वस्त बनवता येतो. शंभर-दोनशे रुपयांत माउस मिळतो तो त्यामुळेच. परंतु याचाच दुसरा अर्थ असा की, यजमान होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक नव्या प्रोसेसरला हा भार उचलावा लागतो. पाहुणा होणे सोपे आहे. यजमानपण निभावणे कठीण आहे.

ते निभावायचे म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे. पाहुणा जोडला गेला की तो दोन माहिती-तारांपैकी एक तार दीड किलोओहमच्या रोधाने वर खेचतो आणि आपली उपस्थिती कळवतो. यजमान त्याला पूर्वस्थितीत आणतो आणि शून्य क्रमांकाच्या पत्त्यावर त्याची प्राथमिक चौकशी करतो. मग त्याला १ ते १२७ यांपैकी एक पत्ता देतो, त्याचा निर्माता कोण, प्रकार कोणता, त्याला वीज किती हवी हे विचारून घेतो आणि शेवटी ‘आता काम सुरू कर’ अशी आज्ञा देतो. यूएसबी २ च्या नियमांनुसार ही आज्ञा मिळेपर्यंत पाहुण्याने १०० मिलिअँपिअरपेक्षा अधिक वीज ओढायची नसते. त्यानंतर त्याला ५०० मिलिअँपिअरपर्यंत मुभा मिळू शकते. हा सारा परिचयविधी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उरकला पाहिजे.

यंत्रांच्या पोटात बसवलेल्या छोट्या संगणकांना, म्हणजे एम्बेडेड प्रणालींना, ही क्षमता द्यायची असेल तर सॉफ्टवेअरच्या अनेक थरांत अचूक निवडी कराव्या लागतात. सर्वांत खाली विजेचा प्रश्न. जोडणीला पाच व्होल्टचा पुरवठा करणारी कळ कोणत्या तारेने चालू होते, हे सॉफ्टवेअरला सांगावे लागते. त्यानंतर घड्याळाचे ठोके आणि तारांवरचे संकेत सांभाळणारा भाग जागा करावा लागतो. मग यूएसबी नियंत्रकाला त्याची भूमिका सांगावी लागते. आजचे पुष्कळ नियंत्रक यजमानही होऊ शकतात आणि पाहुणाही. लिनक्समध्ये ‘डिव्हाइस ट्री’ नावाचे एक वर्णनपत्र असते. त्यातील एका ओळीत ‘होस्ट’ हा शब्द आहे की ‘पेरिफेरल’, यावर सारे अवलंबून राहते. ती ओळ चुकली, तर यंत्र स्वतःच पाहुणा होऊन बसते आणि दोन पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहतात.

त्यावरच्या थरात नियंत्रकाचा ड्रायव्हर. ईएचसीआय, एक्सएचसीआय ही या नियंत्रकांशी बोलण्याची प्रमाणित वळणे आहेत. पण प्रत्येक चिपमध्ये ती थोडी निराळी उतरतात. आणखी वर प्रत्येक प्रकारच्या पाहुण्यासाठी स्वतंत्र ड्रायव्हर असतो. कीबोर्डसाठी एक, पेन ड्राइव्हसाठी दुसरा, सिरियल जोडणीसाठी तिसरा. पेन ड्राइव्हची कथा तर याहून लांब आहे. लिनक्सच्या दृष्टीने तो एका जुन्या डिस्क-भाषेत बोलतो, म्हणून यूएसबी स्टोरेजबरोबर स्कझी डिस्कचा पर्यायही निवडावा लागतो. त्यानंतर त्यावरील फाइल-रचना समजणारा भाग हवा. तोही असला, परंतु नावांतील अक्षरांसाठी लागणारा कोडपेज ४३७ चा छोटासा तक्ता राहून गेला, तर पेन ड्राइव्ह ओळखला जातो, त्याचे आकारमानही दिसते, पण तो उघडत नाही. आणि जर मूळ प्रणालीच पेन ड्राइव्हवरून सुरू करायची असेल, तर हे सर्व ड्रायव्हर कर्नलच्या आतच बसवावे लागतात आणि कर्नलला थांबण्याची सूचनाही द्यावी लागते. कारण परिचयविधीला वेळ लागतो आणि उतावळे कर्नल ‘मूळ फाइल-प्रणाली सापडत नाही’ असे म्हणून तेथेच मान टाकते.

या प्रत्येक थरातील चुकीचे बाह्य लक्षण बहुतेक वेळा एकच असते: काहीही घडत नाही. वीज नाही म्हणून, भूमिका चुकली म्हणून, ड्रायव्हर नाही म्हणून की अक्षरांचा तक्ता नाही म्हणून, हे वापरणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. ‘मग सगळेच पर्याय निवडून टाकावेत’ असा सोपा उपाय सुचेल. परंतु छोट्या यंत्रात स्मृती मोजकी असते, सुरू होण्याचा अवधी लांबून चालत नाही आणि अनावश्यक ड्रायव्हर म्हणजे उघडे ठेवलेले अनावश्यक दार असते. काय घ्यायचे आणि काय वगळायचे, हा निर्णय यंत्राचे काम समजून घेतलेल्या माणसालाच घेता येतो. कॉन्फिगरेशन हा शब्द कानाला कारकुनी वाटतो. प्रत्यक्षात ते अभियांत्रिकी विवेकाचे काम आहे.

भारतात या विवेकाची किंमत कोण मोजतो? रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्रासमोर धान्यासाठी उभी असलेली वृद्धा, गावात फिरणाऱ्या बँक मित्राकडून निवृत्तिवेतनाचे पैसे काढणारा शेतमजूर. आधारची ओळख पटवणारे ठशांचे उपकरण बहुतांश ठिकाणी यूएसबीनेच मुख्य यंत्राला किंवा मोबाइलला जोडलेले असते. कधी ते बाहेर लोंबणाऱ्या तारेच्या टोकाला दिसते, कधी पेटीच्या आत दडलेले असते. उपकरणाचा प्रकाश पेटताना विजेची मागणी क्षणभर वाढते. पुरवठा तोकडा असेल तर व्होल्टेज खाली येते, पाहुणा तुटतो, पुन्हा जोडला जातो, परिचयविधी नव्याने सुरू होतो. वीज वाचवण्यासाठी निष्क्रिय उपकरणाला झोपवण्याची सोय कर्नलमध्ये असते. एखादे उपकरण त्या झोपेतून नीट जागेच होत नाही. पडद्यावर उमटते ते केवळ ‘पुन्हा प्रयत्न करा’. समोरच्या माणसाला सांगितले जाते, ‘बोट नीट ठेवा’, ‘हात धुऊन या’, ‘उद्या या’.

प्रत्येक वेळी दोष यूएसबीचाच असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. कष्टाने झिजलेली बोटे, क्षीण नेटवर्क, दूरच्या सर्व्हरवरची गर्दी ही कारणेही खरी आहेत. प्रश्न असा की, दुकानदाराला ती वेगळी ओळखता येत नाहीत आणि यंत्राच्या आत काय घडले हे तपासून दुरुस्त करणारा माणूस बहुधा देशातही नसतो. चिप एका देशाची, बोर्ड दुसऱ्याचा, कर्नल चिप-विक्रेत्याने कधी काळी दिलेले. या साखळीत दोष दाखवण्याचा आणि तो दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाकडे, हाच खरा स्वावलंबनाचा प्रश्न आहे. चिपवर भारताचे नाव कोरले गेले, पण तिच्या ड्रायव्हरची दुरुस्ती कोणाच्याच हाती नसली, तर त्या वृद्धेच्या दृष्टीने काय बदलले?

या संदर्भात भारताचाच एक जुना धडा आठवावा असा आहे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेने प्रगत महासंगणक देण्याबाबत हात आखडता घेतला, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यातील चिप्स भारतीय नव्हत्या. त्या ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होत्या. भारताचे कर्तृत्व होते ते अनेक ट्रान्सप्युटर एकत्र गुंफणाऱ्या रचनेत आणि त्यांच्याकडून काम करवून घेणाऱ्या ‘पारस’ या सॉफ्टवेअर-परिसरात. चिप परकी होती, तरी यंत्र आपले म्हणता आले, कारण त्याचा मेंदू चालवण्याचे ज्ञान आपले होते. आज त्याच सी-डॅकच्या हाती स्वतःची चिप आहे. परमच्या वेळी जे शहाणपण अपरिहार्यतेतून आले, ते आज समृद्धीत हरवू नये.

इस्रोनेही हाच धडा निराळ्या रीतीने गिरवला आहे. विक्रम ३२०१ ची आज्ञाभाषा इस्रोने स्वतः ठरवलेली आहे. जगातील कोणतेही तयार सॉफ्टवेअर तिच्यावर चालणार नव्हते. म्हणून अ‍ॅडा भाषेचा कंपायलर, असेंब्लर, लिंकर, सिम्युलेटर ही सारी साधने संस्थेने घरातच घडवली. चिपच्या बातमीत या साधनांना एखादे वाक्य मिळाले असेल. प्रत्यक्षात त्यांच्यावाचून ती चिप म्हणजे कोरीव दगड ठरली असती. पीएसएलव्हीच्या सी-६० उड्डाणात ती तपासली गेली, याचे अर्धे श्रेय या अदृश्य साधनांचे आहे.

येथे एक आक्षेप येऊ शकतो आणि तो रास्त आहे. अग्निबाणाला पेन ड्राइव्ह जोडावा लागत नाही. नियंत्रणासाठीच्या छोट्या चिप्सना यूएसबी यजमान होण्याची गरजच नसते. मग सर्व स्वदेशी प्रोसेसरना एकाच मापाने का मोजावे? मोजू नयेच. ज्या चिपचे काम बंदिस्त आहे, तिला हा भार नको. परंतु शक्ती, वेगा, ध्रुव या मालिकांचा उच्चार होताना दूरसंचार, वाहने, उद्योग, घरगुती उपकरणे, शिक्षण अशी क्षेत्रे सांगितली जातात. तेथे यंत्राला अनोळखी पाहुण्यांचे स्वागत करावेच लागते. २०१८ मध्ये शक्ती मालिकेतील ‘राइजक्रीक’ या चिपवर लिनक्स सुरू झाले, तेव्हा तो मैलाचा दगड ठरला. मात्र लिनक्स सुरू होणे आणि त्या लिनक्सने बाजारातील कोणतेही उपकरण ओळखणे, यांत मोठे अंतर आहे. पहिली गोष्ट प्रयोगशाळेत साधते, दुसरी चिवटपणाने.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. यूएसबी नियंत्रकाचे आराखडे सिनॉप्सिससारख्या कंपन्यांकडून परवान्याने मिळतात, त्यांचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासूनच आहेत, मग नव्याने काय करायचे? हे अंशतः खरे आहे आणि तो लाभ घ्यायलाच हवा. चाक पुन्हा शोधण्यात स्वावलंबन नसते. पण तयार ड्रायव्हर आणि विशिष्ट चिप यांच्यामध्ये वीज, घड्याळ, संकेत आणि वर्णनपत्र यांचा जो सांधा असतो, तो ज्याचा त्यालाच घडवावा लागतो. आणि बहुतेक यंत्रे अडतात ती नेमकी या सांध्यावर.

हा सांधा घडवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला झटपट. कर्नलची एखादी जुनी आवृत्ती घ्यायची, तिच्यात हवे ते बदल करायचे, बोर्ड चालू झाला की ती आवृत्ती तशीच गोठवायची आणि ग्राहकाच्या हाती द्यायची. जगातील असंख्य चिप-विक्रेते हेच करतात. दोन-तीन वर्षांनी मूळ कर्नल पुढे निघून जाते, गोठलेली प्रत मागे राहते आणि तिच्यातील छिद्रे बुजवायला कोणी उरत नाही. दुसरा मार्ग कष्टाचा. आपले बदल मूळ लिनक्स प्रकल्पाकडे पाठवायचे, तेथील जाणकारांची कठोर टीका ऐकायची, पाच-सात वेळा पुन्हा लिहायचे आणि मान्यता मिळवायची. एकदा का ते मुख्य प्रवाहात शिरले, की पुढच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर ते चालत राहतात. रिस्क-व्ही या खुल्या आज्ञारचनेला लिनक्सच्या मुख्य प्रवाहात प्रवेश मिळाला तो जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ या आवृत्तीपासून. शक्ती आणि वेगा या दोन्ही भारतीय मालिका याच आज्ञारचनेवर उभ्या आहेत; म्हणजे दार उघडेच आहे.

मुख्य प्रवाहात राहण्याचा लाभ किती ठोस असतो, याचे उदाहरण यूएसबीमध्येच सापडते. लिनक्सच्या स्टोरेज ड्रायव्हरसोबत विक्षिप्त उपकरणांची एक यादी असते. कोणते उपकरण आपले आकारमान चुकीचे सांगते, कोणते एखादी आज्ञा मिळताच गोठते, कोणाशी सावकाश बोलावे लागते, याच्या नोंदी जगभरच्या लोकांनी वर्षानुवर्षे तीत भरल्या आहेत. कोणत्याही एका देशाला वा कंपनीला ही यादी एकट्याने रचता आली नसती. गोठवलेली प्रत वापरणारा या सामायिक अनुभवाच्या ठेव्याला मुकतो. मुख्य प्रवाहात उतरणारा तो घेतो आणि त्यात आपली भरही घालतो. भारतीय बाजारात विकली जाणारी, भारतीय धुळीत, उष्णतेत आणि विजेच्या चढउतारात वागणारी उपकरणे कशी बिघडतात, याच्या नोंदी भारतीय अभियंत्यांइतक्या चांगल्या कोण देऊ शकेल?

सुरक्षेचा मुद्दा याहून गंभीर आहे. यजमान पाहुण्यावर विश्वास ठेवतो; तो स्वतःबद्दल जे सांगेल ते मानतो. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट इराणच्या अणुकेंद्रापर्यंत पोहोचला, त्यात यूएसबी ड्राइव्हचा वाटा होता. २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल या संशोधकांनी दाखवून दिले की, पेन ड्राइव्हच्या आतील नियंत्रकाचे सॉफ्टवेअर बदलून त्याला कीबोर्ड असल्याचे सोंग आणता येते आणि मग तो यंत्राला मनमानी आज्ञा टंकू शकतो. २०१७ मध्ये गुगलमधील आंद्रेई कोनोवालोव यांनी स्वयंचलित चाचण्यांनी लिनक्सच्या यूएसबी ड्रायव्हरांतील अनेक दोष उजेडात आणले. ते मूळ कर्नलमध्ये दुरुस्तही होत गेले. पण जी यंत्रे गोठवलेल्या प्रतीवर चालतात, त्यांच्यापर्यंत अशा दुरुस्त्या कोण पोहोचवणार? ज्या यंत्राला फक्त ठशांचे उपकरण जोडायचे आहे, त्याच्या कर्नलमध्ये कीबोर्डचा ड्रायव्हर असावाच का, हा प्रश्न कॉन्फिगरेशन करणाऱ्याने विचारायचा असतो. तो विचारणारा माणूस साखळीत नसेल, तर चिप कोणत्या देशात घडली याने सुरक्षेत फारसा फरक पडत नाही.

मग करायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे स्वदेशी प्रोसेसरच्या यशाची व्याख्या बदलणे. सार्वजनिक निधीतून घडलेली चिप ‘पूर्ण झाली’ असे जाहीर करण्यापूर्वी तिचे मूलभूत ड्रायव्हर आणि वर्णनपत्रे मुख्य लिनक्समध्ये स्वीकारली गेलेली असावीत, ही अट घालता येईल. डिसेंबर २०२१ मध्ये ७६ हजार कोटी रुपयांचा सेमिकंडक्टर कार्यक्रम मंजूर झाला, त्यात चिप-आराखड्यासाठीची प्रोत्साहन योजनाही आहे; पात्र खर्चाच्या निम्म्यापर्यंत, प्रति अर्ज १५ कोटी रुपयांच्या मर्यादेत परतावा देण्याची तीत तरतूद आहे. या परताव्याचा एखादा हप्ता सॉफ्टवेअरच्या स्वीकृतीशी बांधणे अवघड नाही. ‘स्वीकारले गेले’ ही गोष्ट उघड असते, तारखेनिशी तपासता येते आणि तिला समारंभ लागत नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. ड्रायव्हर लिहिणे हे प्रकल्पाच्या मुदतीत उरकण्याचे काम नाही; ते चिपच्या आयुष्यभर सांभाळायचे असते. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्यासारखे लोक लिनक्समधील यूएसबीची धुरा दीर्घकाळ वाहत आले, म्हणून जगभरची यंत्रे आज निर्धास्त चालतात. भारतात कंत्राटी प्रकल्प-अभियंता दोन वर्षांनी निघून जातो आणि त्याच्याबरोबर त्याच्या डोक्यातील सारे ज्ञानही जाते. सी-डॅक, आयआयटी आणि सेमिकंडक्टर कार्यक्रम यांनी मिळून सांभाळकर्त्यांची स्थायी पदे निर्माण करावीत. बढतीच्या निकषांत शोधनिबंधांच्या बरोबरीने मुख्य कर्नलमध्ये स्वीकारल्या गेलेल्या कामाला स्थान द्यावे. जगातील चिप-आराखडा करणाऱ्या अभियंत्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा भारतात आहे, असे सरकार वारंवार सांगते. त्या मनुष्यबळाचा काही भाग या कामाकडे वळावा, असे वाटत असेल तर त्या कामाला प्रतिष्ठा हवी.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. अभियांत्रिकी महाविद्यालयांत यूएसबी ‘सिद्धान्त’ म्हणून शिकवली जाते. परीक्षेत वेग विचारले जातात, १२ मेगाबिट की ४८०. एखाद्या बोर्डावर यजमानाचा आधार शून्यापासून उभा करण्याचा, तो न चालण्याचा आणि कारण शोधत रात्र घालवण्याचा अनुभव विद्यार्थ्याच्या वाट्याला क्वचितच येतो. स्वदेशी बोर्ड महाविद्यालयांत पोहोचवण्याचे प्रयत्न सुरू आहेत, ते स्तुत्य आहेत. त्यांच्यासोबत केवळ दिवा लुकलुकवण्याचा धडा न देता, अपुरा कर्नल द्यावा आणि ‘याला पेन ड्राइव्ह उघडायला शिकवा’ असा स्वाध्याय द्यावा. या एका स्वाध्यायात वीज, घड्याळ, स्मृती, ड्रायव्हर, फाइल-रचना हे सारे विषय येऊन जातात.

या सर्वाला पैसा फार लागत नाही. चिप घडवणाऱ्या कारखान्याच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे. लागतो तो वेळ, सातत्य आणि टाळ्या न मिळणाऱ्या कामाचा आदर. हीच तिन्ही सार्वजनिक कार्यक्रमांत सर्वांत दुर्मीळ असतात, हे खरे दुखणे आहे. चिपच्या अनावरणाला मंत्री येतात, कॅमेरे येतात. वर्णनपत्रातील एक ओळ दुरुस्त झाली, तर तिची बातमी होत नाही. त्या ओळीमुळे हजारो यंत्रांतील उपकरणे तुटायची थांबली, तरी होत नाही.

पुढच्या वेळी एखाद्या स्वदेशी प्रोसेसरची बातमी येईल, तेव्हा गाभे आणि गिगाहर्ट्‌झ यांच्याबरोबर विज्ञानवार्ता वाचणाऱ्यांनी आणि लिहिणाऱ्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा: मुख्य लिनक्सची ताजी, कोणताही खास बदल न केलेली प्रत या चिपच्या बोर्डावर बसवली आणि बाजारातून आणलेला साधा पेन ड्राइव्ह लावला, तर तो उघडतो काय? उत्तर ‘होय’ असेल, तर तो दिवस अनावरणाच्या दिवसाहून मोठा मानावा. उत्तर ‘नाही’ असेल, तर त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. काम अजून संपलेले नाही एवढाच त्याचा अर्थ. मात्र तो प्रश्नच विचारला गेला नाही, तर रास्त भाव दुकानासमोरच्या रांगेत उभ्या असलेल्या त्या वृद्धेला, आत देशी चिप असलेल्या यंत्रासमोरही, ‘उद्या या’ हेच उत्तर ऐकावे लागेल.